पागोळीला वाट द्या

पाऊस कौलांवर पडतो. कौलांवरून घसरतो. वळचणीला येतो आणि धार धरून खाली पडतो. या धारांना आपण पागोळ्या म्हणतो. लहानपणी पागोळीखाली हात धरून आपण सगळेच खेळलो आहोत. पागोळी दिसायला मोठी छान. पण हीच पागोळी घराची भिंत पाडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ती भिंत कशी पाडते, हे आधी दोन भावांच्या गोष्टीतून पाहू. मग घराला पन्हळ कशी निवडावी, ते समजून घेऊ.

दोन घरांमधला बोळ

सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूला डोंगराकडेची गावे आहेत. तिकडे पाऊस फार. अशाच एका गावात दोन भाऊ राहत होते. वाटणी झाली आणि एका घराची दोन घरे झाली. मधे चार फुटांचा बोळ राहिला. थोरल्याच्या छपराचे एक पाखे बोळाकडे उतरत होते. त्या पाख्याच्या सगळ्या पागोळ्या बोळात पडत. बोळाला उतार नव्हता. पाणी तिथेच साचे. त्याचे शिंतोडे धाकट्याच्या मातीच्या भिंतीवर उडत.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघाले. दुसऱ्या पावसाळ्यात जोत्यापाशी खळगा पडला. धाकट्याची बायको म्हणाली, "अहो, भाऊजींना सांगा की." धाकटा म्हणाला, "मी कशाला सांगू? त्याला दिसत न्हाई व्हय?" तिकडे थोरला म्हणाला, "माझं छप्पर, माझ्या जागेत पाणी पडतंय." दोघेही गप्प बसले. पाणी मात्र गप्प बसले नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात चार दिवस पावसाने उसंत दिली नाही. चौथ्या रात्री धाकट्याची भिंत खालून बसली. आत भाताची कणगी होती. ती चिखलात आडवी झाली. नशीब की पोरे त्या रात्री सोप्यात निजली होती.

सकाळी बोळात माणसे जमली. धाकटा ओरडला, "दादा, तुझ्या पागोळीनं माझी भिंत खाल्ली!"

थोरला म्हणाला, "पाऊस काय मी पाडतो?"

गावातला म्हातारा सुतार तिथे उभा होता. तो म्हणाला, "बाबांनो, आभाळातला पाऊस कुणाचाच नसतो. पण छपरावरनं खाली आला की तो छपरवाल्याचा. त्याला वाट त्यानंच द्यायची."

म्हातारा खरे बोलला. ही वाट म्हणजेच पन्हळ.

पाणी भिंत कशी खाते?

गुळाचा खडा घ्या. सुका असताना तो दगडासारखा लागतो. त्याचे एक टोक पाण्यात धरा. थोड्या वेळाने ते टोक मऊ होते आणि वरचा खडा खाली बसतो. मातीच्या भिंतीचे तसेच आहे. सुकी भिंत दोन पिढ्या उभी राहते. पण तिचा पाया आणि तळ भिजला की वरचा भार तिला सोसत नाही.

पागोळी दोन तऱ्हांनी घात करते. एक तर ती रोज एकाच जागी पडते. तिथे चर पडतो, चरात पाणी साचते आणि ते जोत्याखाली मुरते. दुसरे म्हणजे तिचे शिंतोडे उडतात. ते भिंतीच्या खालच्या हात-दीड हात भागाला सतत ओले ठेवतात. शिवाय दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी माती ओल वर ओढते.

"आमचं घर विटांचं आहे, आम्हांला काय?" असे कोणी म्हणेल. विटांच्या भिंतीलाही ओल चढते. तिला लोणा लागतो, गिलावा सुटतो. लाकडी खांब ओलीने कुजतो. ओल्या लाकडाला वाळवी लवकर लागते. म्हणून घर कशाचेही असो, छपराचे पाणी जोत्यापासून दूर गेले पाहिजे.

छपरावर पाणी किती पडते?

पन्हळ निवडण्याआधी हा हिशेब करावा. हिशेब सोपा आहे.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी होते. हे एवढे पाठ करा. बाकी सगळे यातून निघते.

समजा, तुमच्या घराची लांबी ९ मीटर आहे. म्हणजे सुमारे ३० फूट. एका पाख्याखाली जमिनीवर ३ मीटर, म्हणजे सुमारे १० फूट रुंदी झाकली जाते. छपराचा तिरपा भाग मोजू नका. खाली जमीन किती झाकली, ते मोजा. ९ गुणिले ३ म्हणजे २७ चौरस मीटर झाले.

आता जोराची सर आली. अशा सरीचा वेग तासाला १०० मिलिमीटर धरतात. २७ चौरस मीटरवर तासाला २,७०० लिटर पाणी आले. म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. पंधरा लिटरची घागर धरली, तर दर मिनिटाला तीन घागरी झाल्या. एवढे पाणी एका पाख्यावरून येते. मग जोत्याचे काय होत असेल, त्याचा विचार करा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्याला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. म्हणून पुण्याकडच्या माणसाला वाटते, आपल्याला पन्हळ लहान चालेल. ते बरोबर नाही. पन्हळीला वर्षाच्या पावसाशी कर्तव्य नसते. एका सरीत पाणी किती येते, याच्याशी असते. वळवाची सर कमी पावसाच्या मुलखातही धो धो येते.

पन्हळ कशाची घ्यावी?

बांबूची पन्हळ. जाड बांबू उभा चिरायचा आणि आतली पेरे साफ काढायची. कोकणात पोफळीचे खोड कोरूनही अशी पन्हळ करतात. खर्च जवळजवळ नाही. पण बांबू अरुंद असतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. गोठ्याला, लहान पडवीला ही पन्हळ ठीक. मोठ्या पाख्याला ती पुरत नाही.

जस्ती पत्र्याची पन्हळ. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो थर आहे तोवर गंज चढत नाही. पत्रा घेताना गेज विचारा. गेजाचा आकडा लहान, तसा पत्रा जाड. २४ गेजचा पत्रा २६ गेजपेक्षा जाड असतो. पत्रा जिथे कापतात, तिथे जस्त निघून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून कापलेल्या कडांना रंग लावून घ्या. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा फार लवकर गंजतो. तिकडे पत्र्याची पन्हळ घेण्याआधी दोनदा विचार करा.

प्लास्टिकची म्हणजे पीव्हीसीची पन्हळ. ही गंजत नाही, कुजत नाही आणि हलकी असते. खाऱ्या वाऱ्यालाही टिकते. पुष्कळ लोक सहा इंची पाइप आणतात आणि उभा चिरून एका पाइपाच्या दोन पन्हळी करतात. ही युक्ती चांगली आहे. मात्र प्लास्टिकला ऊन सोसत नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहून ते ठिसूळ होते. दुसरे असे की प्लास्टिक उन्हाने वाढते आणि गारठ्याने आखडते. तीन मीटरचा तुकडा चार-पाच मिलिमीटर वाढतो. तो दोन्ही टोकांना खिळ्यांनी जखडला तर वाकतो किंवा तडकतो. म्हणून त्याला पट्टीच्या आधारात नुसता बसवावा. सरकायला थोडी जागा ठेवावी.

जुनी सिमेंटची पन्हळ. जुन्या सिमेंटच्या पन्हळींत आणि पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस नावाचे तंतू असतात. अशी पन्हळ कापू नका, घासू नका, फोडू नका. तिची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा जिवावरचा रोग होऊ शकतो. स्वस्त मिळते म्हणून जुनी पन्हळ आणू नका.

केवढी घ्यावी?

वर सांगितलेल्या २७ चौरस मीटरच्या पाख्याला सहा इंच रुंदीची अर्धगोल पन्हळ घ्यावी. हिशेबाने चार इंची पन्हळीत पाणी कसेबसे मावेल. पण पन्हळीत पाला पडतो, माती साचते आणि सर कधी कधी हिशेबापेक्षा मोठी येते. शिवाय जोरात आलेले पाणी उडी मारून अरुंद पन्हळीपलीकडे जाते. म्हणून सहा इंच बरी.

नळीच्या जुन्या कौलांची कड वाकडीतिकडी असते. एक कौल पुढे, एक मागे. तिथे आणखी रुंद पन्हळ लागते. मंगलोरी कौलांची कड सरळ असते, तिथे काम सोपे जाते.

पन्हळीतून पाणी खाली आणणारा उभा नळ अरुंद असेल, तर वरची पन्हळ कितीही मोठी असून उपयोग नाही. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत चार इंची नळ सुमारे ४० चौरस मीटरचे पाणी नेतो. तीन इंची नळ सुमारे २० चौरस मीटरचेच नेतो. तेव्हा आपल्या २७ चौरस मीटरच्या पाख्याला चार इंची एक नळ किंवा दोन टोकांना तीन इंची दोन नळ पाहिजेत. पुष्कळ लोक इथेच काटकसर करतात आणि फसतात.

उतार आणि आधार

पन्हळ सपाट बसवली तर पाणी तिच्यात उभे राहते. दर दहा फुटांना एक इंच उतार द्यावा. तीस फुटांच्या पन्हळीला तीन इंच झाले. घर चाळीस फुटांहून लांब असेल, तर पन्हळ मधे उंच ठेवावी आणि दोन्ही टोकांकडे उतरती करावी. दोन्हीकडे नळ द्यावेत.

उतार नुसत्या नजरेने काढू नये. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा. नळीच्या दोन टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते. त्यावरून वळचणीच्या दोन टोकांना खुणा करा. मग नळाकडची खूण तीन इंच खाली घ्या. दोन खुणांमधे सुतळी ताणून बांधा. सुतळीला धरून आधाराच्या पट्ट्या ठोका.

आधाराला वाकवलेली लोखंडी पट्टी घ्यावी. प्लास्टिकच्या पन्हळीला दर दोन फुटांवर आणि पत्र्याच्या पन्हळीला दर तीन फुटांवर एक पट्टी. "एवढ्या कशाला?" असे बसवणारा विचारील. त्याला हा हिशेब सांगा. सहा इंची पन्हळ तुंबून काठोकाठ भरली, तर नऊ मीटरमधे सुमारे ८० किलो पाणी होते. जवळजवळ एक पोते धान्य वळचणीला टांगल्यासारखे झाले. पट्ट्या कमी असतील तर ते सगळे खाली येईल. खाली माणूस असेल, गुरू असेल.

पट्ट्या वाशांच्या टोकांना किंवा त्यांवर ठोकलेल्या आडव्या फळीला ठोका. वासे कुजके असतील तर आधी वासे बदला. पन्हळ मागून.

सांधे कौलांसारखे घालावेत. वरच्या अंगाच्या तुकड्याचे टोक खालच्या अंगाच्या तुकड्याच्या आत, निदान सहा इंच. उलट घातले तर सांध्यातून पाणी गळेल.

कौलाची कड पन्हळीच्या आत साधारण दोन बोटे यावी. कमी आली तर पाणी मागून भिंतीवर ओघळते. जास्त आली तर पुढून उडून जाते. आणखी एक बारीक गोष्ट. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा. मग पन्हळ कधी भरून वाहिली, तरी पाणी बाहेर अंगणात पडेल. भिंतीवर येणार नाही.

खाली आलेल्या पाण्याचे काय?

उभा नळ आणून जोत्यापाशी सोडला, तर सगळ्या पागोळ्यांचे पाणी एकाच जागी ओतल्यासारखे झाले. हे पहिल्यापेक्षा वाईट. नळाच्या तोंडाखाली फरशी किंवा सपाट धोंडा ठेवा. तिथून दगडी किंवा सिमेंटचा चर काढा. पाणी जोत्यापासून निदान चार फूट दूर न्या. तिथून ते परसातल्या झाडांना द्या किंवा गटारात सोडा. शेजाऱ्याच्या दारात मात्र सोडू नका.

हे पाणी साठवताही येते. डोंगरावरच्या गावांत पावसाळ्यात पूर असतो आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन बायांना मैलभर चालावे लागते. आपल्या पाख्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५४० लिटर पाणी येते. गळती-सांडणी वजा जाता दोनशे लिटरची दोन पिंपे भरतात. मोठी टाकी असेल तर पुष्कळ पाणी राहील. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी टाकीत घेऊ नका. त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकी झाकून ठेवा. हे पाणी गुरांना, धुण्याभांड्यांना चालते. पिण्यासाठी वापरायचे झाले तर गाळा आणि उकळा.

पाला काढा, डास टाळा

पन्हळ बसवली म्हणजे काम संपले असे नाही. मृग लागण्याआधी एकदा शिडी लावून पन्हळ साफ करा. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा पाहा. घरावर झाड असेल तर जास्त वेळा. शिडी धरायला खाली एक माणूस पाहिजेच. नळाच्या तोंडाला तारेची जाळी बसवा, म्हणजे पाला आत जाणार नाही.

तुंबलेल्या पन्हळीत ओंजळभर पाणी राहिले तरी डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात. आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आपण अंगणातली डबडी उपडी करतो, पण डोक्यावरची पन्हळ विसरतो. म्हणून उताराकडे लक्ष द्या.

पन्हळ कुठे उपयोगाची नाही?

गवताने शाकारलेल्या छपराला पन्हळ नीट बसत नाही. गवताच्या काड्या पडून ती सारखी तुंबते. तिथे वळचण पुढे वाढवावी आणि पागोळीखाली दगडांचा चर करावा.

मराठवाड्यात आणि खानदेशात मातीच्या धाब्याची घरे आहेत. तिथे छपराच्या कडेला लांब पन्हळ लावत नाहीत. भिंतीतून बाहेर काढलेली आखूड पन्हळ पाणी लांब फेकते. ती भिंतीपासून चांगली हातभर पुढे पाहिजे. आखूड असेल तर तिच्याखालची भिंत धुऊन जाते.

आणि झडीचा पाऊस पन्हळीने अडत नाही. वारा पाणी आडवे मारतो. त्यासाठी पावसाळी बाजूच्या भिंतीला झाप किंवा पत्र्याचा आडोसाच करावा लागतो.

दुकानात जाण्याआधी

या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. आता तुम्हांला लिहिता येते. दुकानदार सांगेल ते घेऊन येण्याचे दिवस गेले.

१. पाख्याची लांबी किती आणि खाली झाकलेली रुंदी किती?
२. पन्हळ किती रुंद? नळ किती इंची आणि किती?
३. पट्ट्या किती लागतील? लांबी भागिले दोन किंवा तीन फूट, अधिक एक.
४. पाणी कोणत्या टोकाला उतरवायचे?
५. ते पाणी पुढे कुठे जाणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

त्या दोन भावांचे पुढे काय झाले, ते राहिलेच. पन्हळीचा खर्च थोरल्याने केला. बोळाला उतार देण्याचा आणि चर बांधण्याचा खर्च धाकट्याने केला. भिंत मात्र दोघांनी मिळून उभी केली. पुढल्या पावसाळ्यात पहिली मोठी सर आली, तेव्हा दोघेही आपापल्या घरातून बोळात येऊन उभे राहिले. पाणी पन्हळीतून धावले, नळातून उतरले आणि चराने पुढे निघून गेले. बोळ कोरडा राहिला.

थोरला म्हणाला, "भिजशील. आत ये."

तीन वर्षांत धाकटा पहिल्यांदाच त्या घरात चहाला गेला.

पन्हळीला असा काही फार खर्च येत नाही. पडलेल्या भिंतीला येतो. तुमच्या वळचणीचे पाणी कुठे पडते, ते आजच बाहेर जाऊन पाहा.